साडेचौदा हजारांचं इस्टिमेट आणि ड्राइव्हशाफ्टचा एक रबरी बूट: दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

गाडीचं नाव लिहीत नाही, कारण पुढच्या चाकांवर चालणाऱ्या कुठल्याही फॅमिली एसयूव्हीला हे लागू आहे. मायलेज, एसी, तिसऱ्या रांगेत पाय मावतात का, यावर सगळ्यांनी भरपूर लिहिलंय. मला फक्त ड्राइव्हशाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून चाकाला ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) रबरी बूटबद्दल, म्हणजे त्याच्या जॉइंटवरच्या घड्यांच्या रबरी आवरणाबद्दल लिहायचंय. गाडी घेताना याबद्दल कुणीच काही सांगत नाही, आणि वॉरंटी संपली की बिल याच्यावरच फुगतं.

झालं असं की पेड सर्व्हिसला गाडी दिली आणि दुपारी ॲडव्हायझरचा फोन आला. "सर, डाव्या ड्राइव्हशाफ्टचा बाहेरचा बूट फाटलाय. पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल." असेंब्ली म्हणजे जॉइंटसकट अख्खा शाफ्ट. इस्टिमेट साडेचौदा हजार, लेबर वेगळी. गाडीला आवाज नव्हता, थरथर नव्हती. मी तिथे जाऊन रॅम्पखाली उभा राहिलो. रबराच्या एका घडीत बोटभर चीर होती आणि चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालं होतं. ग्रीस ओलं होतं, त्यावर माती बसलेली नव्हती, म्हणजे फाटून फार दिवस झाले नव्हते. "नुसता बूट बदला" म्हटलं, तर "बूट वेगळा येत नाही, सर" असं उत्तर. काम नाकारल्याचं जॉब कार्डवर लिहून घेतलं आणि गाडी बाहेर काढली. त्याच कंपनीच्या सुट्या भागांच्या दुकानात तोच बूट क्लॅम्प (बूट आवळून धरणाऱ्या पट्ट्या) आणि ग्रीसच्या पाकिटासकट अकराशेला मिळाला. पार्ट नंबर स्वतंत्र, डबा सीलबंद. याचा राग मला अजून आहे. साडेचौदा हजार म्हणजे आमच्या घरातला दोन महिन्यांचा किराणा आहे.

हा बूट इतका महत्त्वाचा का, ते नीट समजून घ्या. गिअरबॉक्समधून दोन शाफ्ट निघतात, एक डाव्या चाकाला, एक उजव्या. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना एकेक जॉइंट असतो. गिअरबॉक्सकडच्या (आतल्या) जॉइंटमध्ये बहुधा तीन रोलर असतात. खड्ड्यात चाक वर-खाली झालं की शाफ्टची लांबी थोडी कमी-जास्त व्हावी लागते, ते काम हा करतो. चाकाकडच्या (बाहेरच्या) जॉइंटमध्ये बहुतेक वेळा सहा गोळ्या असतात, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं तरी चाक एकसारख्या वेगाने फिरवण्याची जबाबदारी त्याची. साधा क्रॉस (अधिकच्या चिन्हासारखा युनिव्हर्सल जॉइंट) तिथे चालत नाही. कोनात असताना त्याचा पुढचा भाग प्रत्येक फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा हळू फिरतो, त्यामुळे वळताना स्टिअरिंगला धक्के बसले असते.

या गोळ्या ज्या खाचांत फिरतात त्या अगदी बारीक मापाच्या असतात. ग्रीस आत आणि पाणी-माती बाहेर ठेवणारी एकच वस्तू म्हणजे तो बूट. आमची गाडी कराडहून चिपळूणला कुंभार्ली घाटातून सतत जाते. पावसाळ्यात तो लाल चिखल फाटक्या बूटमध्ये गेला की ग्रीसमध्ये मिसळून खाचा घासत राहतो. म्हणून बूट फाटल्याचं किती लवकर कळतं, यावर सगळा खर्च ठरतो.

काम आमच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे केलं. त्यांनी जॉइंट उतरवून जुनं ग्रीस पूर्ण धुतलं, सुकवलं आणि एकेक गोळी बोटांत फिरवून मला दाखवली. कुठेही खड्डा नव्हता. मग पाकिटातलं सगळं ग्रीस भरलं. हे मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेलं काळं ग्रीस असतं. डब्यातलं साधं पिवळं ग्रीस भरू देऊ नका. प्लॅस्टिकची पट्टी किंवा तार बांधून बूट बसवणारे आहेत, त्यांनाही नको म्हणा. क्लॅम्प किटमधलेच हवेत आणि ते त्याच्या पक्कडीनेच आवळावे लागतात. हब नट (शाफ्टचं टोक चाकाच्या हबला धरून ठेवणारा) नवा घ्या आणि टॉर्क रेंचने कंपनीने दिलेल्या मापालाच आवळून घ्या. तो सैल राहिला तर चाकाचं बेअरिंग जातं आणि वेगळाच खर्च मागे लागतो. लेबर धरून माझं काम दोन हजारांच्या आत झालं. त्यानंतर दोन पावसाळे गेले, चिपळूणच्या फेऱ्या चालूच आहेत. बूट कोरडा आहे, आवाज शून्य.

मधल्या काळात माझं मत एका बाबतीत बदललं. असेंब्ली सांगणारा प्रत्येक जण लुबाडतोय, असं मी सगळ्यांना सांगत होतो. मग मेहुण्याच्या गाडीतून गुहागरला गेलो. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण फिरवून गाडी हलवली की कट-कट, कट-कट आवाज येत होता. त्याचा बूट कधी फाटला हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आतलं ग्रीस वाळूच्या पेस्टसारखं झालं होतं. त्याच मिस्त्रींनी खाचा दाखवून सांगितलं, "याला बूट घालून पैसे घालवू नका, भाऊ." ते बरोबर होतं. आवाज सुरू झाला की नवा बूट आणि नवं ग्रीस झिजलेलं लोखंड परत आणत नाही. तेव्हा नवा जॉइंट किंवा असेंब्लीच घ्यावी. माझा आक्षेप एवढाच आहे की जॉइंट न उघडता, न तपासता असेंब्ली सांगू नये.

आवाजावरून थोडा अंदाज बांधता येतो. पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दिल्यावर कट-कट येत असेल तर बाहेरचा जॉइंट. चढावर जोर लावताना गाडी थरथरते आणि पाय काढला की शांत होते, तर आतला. वेगाबरोबर वाढत जाणारी एकसुरी घूं-घूं बहुधा बेअरिंगची असते. आणि हायवेवर ठरावीक वेगालाच स्टिअरिंग हलत असेल तर आधी चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या, त्याला फार पैसे लागत नाहीत.

बूट तपासायला रॅम्प लागत नाही. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, गाडी बंद करा, हँडब्रेक लावा आणि चाकामागे टॉर्च मारा. घड्यांच्या तळाशी बारीक भेगा दिसतात का, चाकाच्या आतल्या कडेला काळे शिंतोडे आहेत का, ते पाहा. मग दुसरी बाजू. गिअरबॉक्सजवळचे आतले बूट मात्र असे दिसत नाहीत, ते सर्व्हिसला गाडी वर असताना स्वतः बघून घ्या. तिथेच शाफ्टच्या ऑइल सीलमधून गिअर ऑइल पाझरतंय का तेही दिसतं.

आणखी एक, यावर माझं मत ठाम आहे. गाडी उंच दिसावी म्हणून स्प्रिंगखाली स्पेसर टाकू नका. त्याने शाफ्टचा कोन कायमचा वाढतो, जॉइंट आणि बूट दोन्ही लवकर जातात. तसंच चिखलात चाक अडकल्यावर स्टिअरिंग पूर्ण वळवून क्लच झटक्यात सोडू नका. आधी चाकं सरळ करा.

बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत मागे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट आणि त्याचे क्रॉस असतात. क्रॉसला ग्रीस निपल (ग्रीस भरायचं छोटं तोंड) असेल तर प्रत्येक सर्व्हिसला ग्रीस मारून घ्या, आणि शाफ्ट उतरवण्याआधी दोन्ही बाजूंना खूण करायला सांगा, म्हणजे तो होता तसाच परत बसेल.

माझ्या गाडीचे आतले दोन्ही बूट अजून मूळचेच आहेत. रबर कडक झालंय, चीर नाही. मिस्त्री म्हणाले, दिवाळीपर्यंत हरकत नाही. किट मात्र मी आत्ताच आणून ठेवलंय, आणि पुढच्या सर्व्हिसला ॲडव्हायझरकडून जॉइंट उघडून दाखवल्याशिवाय असेंब्लीच्या इस्टिमेटवर सही करणार नाही.