चढाई दिसते, पकड दिसत नाही: टीव्हीवरच्या कबड्डीचे परीक्षण

प्रो कबड्डीच्या प्रक्षेपणाचे श्रेय आधी देतो. २०१४ पासून या प्रक्षेपणाने कबड्डी कधीच न पाहिलेल्या घरांत खेळ समजावून दिला. चढाईचे ३० सेकंदांचे घड्याळ पडद्यावर असते, चटईवर दोन्हीकडे किती जण उरले ते दिसते, फेरनिर्णय मागितला की पाय रेषेला लागला की नाही हे मंद गतीत दाखवतात. नवख्या माणसाला मध्यंतरापर्यंत लोण म्हणजे समोरचा संपूर्ण संघ बाद करणे, हे कळलेले असते. चित्राचा दर्जा उत्तम आहे.

तक्रार एकच, पण ती मुळाशी जाणारी. हे प्रक्षेपण चढाईपटूच्या मागे धावते. सात जण मिळून एकाला कसे कोंडतात, हा कबड्डीचा निम्मा आणि माझ्या मते जास्त सुंदर भाग, तो पडद्यावर तुकड्यातुकड्यांत येतो. महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला हे जास्त खटकते, कारण यू मुम्बा आणि पुणेरी पलटण या आपल्या दोन्ही संघांचे सामने बहुतेक वेळा पडद्यावरच पाहावे लागतात. २०२५ च्या बाराव्या हंगामात सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत झाले. वरळीचा डोम नाही, बालेवाडी नाही. पुणेरी पलटण अंतिम फेरीपर्यंत गेली आणि पुण्यातल्या माणसाने ती एकदाही समोर पाहिली नाही.

आधी कॅमेऱ्याचे बघू. मुख्य कॅमेरा मैदानाच्या लांब बाजूला, मध्यरेषेच्या समोर, उंचावर असतो. पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटर. या जागेवरून १३ मीटरची लांबी पडद्यावर आडवी पसरते. मध्यरेषेपासून निदान रेषा, म्हणजे चढाईपटूने ओलांडायची रेषा, ३.७५ मीटरवर, तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा आणि तिथून अंतिम रेषा १.७५ मीटर. ही सगळी अंतरे बाजूने छान मोजता येतात. म्हणून बोनस पाहायला हा कॅमेरा उत्कृष्ट आहे. समोर सहा किंवा सात बचावपटू असताना एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकला आणि मागचा पाय त्या क्षणी हवेत असला, तरच गुण. अनुप कुमारसारख्या खेळाडूने यू मुम्बासाठी ज्या हातोटीने बोनस काढले, ती हातोटी बाजूच्या कॅमेऱ्यानेच देशाला दाखवली.

पण मैदानाची रुंदी याच कॅमेऱ्यात खोली होते आणि चेपली जाते. दोन्ही बाजूंची एकेक मीटरची राखीव क्षेत्रे, त्यांतले पलीकडचे तर पडद्यावर बोटभर पट्टी उरते. स्पर्श होण्याआधी चढाईपटूचा पाय तिथे पडला की तो बाद. पंच शिट्टी वाजवतो, मैदानातल्यांना कळते, घरी बसलेला मात्र पुनर्चित्रण येईपर्यंत अंधारात. त्याहून वाईट अवस्था हात धरून उभ्या बचावपटूंच्या साखळीची. पलीकडचा कोपरारक्षक मधल्यांच्या आड जातो, हात हातात आहेत की सुटलेत हे दिसत नाही, आणि सात माणसांची कमान पडद्यावर एक घोळका होऊन जाते.

पकड फसते ती बहुधा पकडीच्या क्षणी फसत नाही, त्याच्या एक-दोन सेकंद आधी फसते. कोपरारक्षक वाट बघतो ती चढाईपटूचा भार एका पायावर येण्याची. भार आला की पट काढायचा, म्हणजे घोटा धरून पाय खेचायचा. पण नुसता पट काढून भागत नाही. त्याच बाजूच्या मध्यरक्षकाने लगेच धडक किंवा आडकाठी घालून मध्यरेषेचा रस्ता बंद करायचा असतो. तो अर्धा सेकंद उशिरा आला तर चढाईपटू पाय ओढत, पोटावर सरपटत हात मध्यरेषेला लावतो आणि अंगाला लागलेले दोघे-तिघे एकदम बाहेर. तो उशीर का झाला? कधी जोडीदाराचा हात आधीच सुटलेला असतो, कधी चढाईपटूने उजवीकडे हूल देऊन मध्यरक्षकाला पाऊलभर ओढून नेलेले असते. पुनर्चित्रणात आपल्याला काय दाखवतात? मध्यरेषेवरची बोटे, तीही तीन वेळा. झटापट सुरू होण्याच्या दोन सेकंद आधीपासून, चढाईपटूच्या पाठीमागच्या टोकाच्या कॅमेऱ्यातून एकदा दाखवले असते तर सगळा हिशेब उलगडला असता. टोकाकडची दृश्ये अधूनमधून येतात, म्हणजे कॅमेरा तिथे आहे. चढाई संपली की पुढच्या चढाईपर्यंत जे थोडे सेकंद मिळतात त्यांत हेच दृश्य आधी लावावे, एवढीच मागणी.

पुणेरी पलटणचे पाठीराखे असाल तर ही मागणी किती रास्त आहे ते लगेच पटेल. दहाव्या हंगामाआधी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईवर २.३५ कोटी रुपये लावले आणि त्याने त्या हंगामात पकडींचे ९९ गुण मिळवले. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पलटणने पहिले विजेतेपद घेतले. अंतिम सामन्यात दोन्ही संघ तिशीच्या आत राहतात, म्हणजे तो बचावाचा सामना असतो. पंकज मोहितेचे ९ गुण मोलाचे होतेच आणि अस्लम इनामदारचा अष्टपैलू हंगामही विसरता येणार नाही. तरी तो संघ घडला होता बचावावर, आणि तो बचाव कसा उभा राहायचा हे नीट बघायचे तर प्रक्षेपण पुरत नव्हते. २०२२ चा अंतिम सामना पलटण मुंबईत जयपूरकडून ३३-२९ अशी हरली, २०२५ चा दिल्लीत दबंग दिल्लीकडून ३१-२८. चार हंगामांत तीन अंतिम सामने आणि अंतर चार, तीन, तीन. तिघे किंवा त्याहून कमी उरले असताना पकड केली तर अव्वल पकडीचे २ गुण, समोरचा संपूर्ण संघ बाद केला तर लोणाचे जादा २. एवढ्या फरकाने जिथे करंडक इकडचा तिकडे होतो, तिथे प्रत्येक पकडीची उकल दाखवणे हे प्रक्षेपणाचे कामच आहे.

शेवटची तीन मिनिटे हा दुसरा कच्चा दुवा. पडद्यावर थरार, संगीत, निवेदकांचा चढलेला आवाज, पण गणित कोणी सांगत नाही. गणित साधे आहे. ३० सेकंदांची एक चढाई धरली तर तीन मिनिटांत सहा चढाया, म्हणजे प्रत्येक संघाला तीन. आघाडीवरचा संघ दोन चढाया रिकाम्या नेतो, तिसरी मात्र निर्णायक, तीत गुण आणला नाही तर चढाईपटू बाद. म्हणून पाच-सहा मिनिटे उरली असतानाच प्रशिक्षक मोजू लागतो की आपली तिसरी चढाई नेमकी कधी येईल, आणि ती शक्यतो शेवटच्या शिट्टीपलीकडे ढकलतो. मागे असलेला संघ उलट बाजूने मोजतो, आणि कधी मुद्दाम बोनस सोडून देतो, कारण वेळ त्याच्याकडे नसतो. हे समालोचकाने दोन वाक्यांत सांगितले तर प्रेक्षक ओरडण्याऐवजी मोजू लागेल. बाराव्या हंगामापासून साखळी सामन्यांतही बरोबरी तोडण्यासाठी पाच-पाच चढाया आल्या आहेत. त्यात बाद झालेला बाहेर जात नाही आणि निदान रेषाच बोनस रेषा धरली जाते. हा बदल पडद्यावर रंगाने ठळक दाखवायला हवा. डोळ्याला सवय जुन्या रेषेची असते आणि गुण का दिला हेच कळेनासे होते.

आता भाषा. कबड्डीची मराठी ही कुणी बसून तयार केलेली परिभाषा नाही. लालबाग-परळच्या मंडळांपासून सांगली-कोल्हापूरच्या आखाड्याशेजारच्या मैदानांपर्यंत ती वापरून गुळगुळीत झालेली आहे. लोण, पट, निदान रेषा, हूल, साखळी, कोपरा, तिसरी चढाई, अव्वल पकड. हे शब्द आखूड आहेत, म्हणून वेगवान खेळाला बसतात. ‘पट काढला’ म्हणेपर्यंत चढाईपटू खाली पडलेला असतो, ‘अँकल होल्ड’चे वर्णन संपेपर्यंत पुढची चढाई सुरू. मराठी समालोचनात या शब्दांऐवजी हिंदी-इंग्रजी वाक्याला मराठी क्रियापद चिकटवले की कानाला लगेच खटकते. मराठीत थेट खेळ सांगता येतो का, ही शंका बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवर क्रिकेट सांगून कधीच मिटवली होती. २०२३ च्या आयपीएलला ॲपवर मराठी समालोचन आले, केदार जाधव त्यात होता आणि हंगाम चालू असतानाच माइक ठेवून तो बंगळूरच्या संघात खेळायला गेला. ताजा खेळाडू बोलतो तेव्हा काय फरक पडतो हे तिथे ऐकू आले. कबड्डीलाही हेच हवे, आणि त्यातही एक जण चढाईपटू असेल तर दुसरा कोपरा सांभाळलेला असावा. दोघेही चढाईपटू असले की बोलणे पुन्हा चढाईकडेच वळते.

ॲप की डिश, असे विचाराल तर कबड्डीसाठी डिश किंवा केबल. इंटरनेटवरचे चित्र टीव्हीपेक्षा मागे असते, पुष्कळदा वीस-तीस सेकंद, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण चढाई. शेजारच्या घरातला जल्लोष आधी आणि पकड नंतर. क्रिकेटमध्ये हे चालून जाते, इथे सामन्याची गंमतच जाते. ॲपच घ्यायचे असेल तर मोबाइलवरच्या सूचना बंद ठेवा आणि चित्राचा दर्जा ‘ऑटो’वर न ठेवता हाताने वरचा निवडा, कारण नेट जरा मंदावले की ऑटो आधी बारकावे खाते आणि बारकावे म्हणजे इथे पायाचा पंजा. टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी सोय असते ती बंद करा. दोन चित्रांच्या मध्ये ती बनावट चित्र घालते, त्यामुळे वेगाने मागे येणाऱ्या पायाभोवती धूसर कडा येते. रंग भडक करणारी ‘स्पोर्ट्स’ रचनाही नको. चटईचा रंग चढला की रेषा त्यात बुडतात.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगतो: पकड शिकायची असेल तर गावोगावच्या स्पर्धांची यूट्यूबवरची थेट प्रक्षेपणे बघा. एकच कॅमेरा, बहुधा मैदानाच्या टोकाला मंचावर लावलेला, हलतही नाही. पण चढाई पलीकडच्या अर्ध्यात असली की चढाईपटूची पाठ आणि समोर सातही जणांची पूर्ण कमान दिसते. कोपरा कधी पुढे सरकला, साखळी कुठे तुटली, मध्यरक्षक कुणाकडे बघत होता, सगळे एका चौकटीत. मैदानावरचा निवेदक अस्सल मराठीत बोलतो. या एका बाबतीत मंडळाचे प्रक्षेपण लीगपेक्षा सरस आहे.

त्यांचे दोष वेगळे आणि बहुतेक फुकटात सुधारण्यासारखे. चित्रात काळ्या पट्ट्या सरकतात, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेरा सेकंदाला ३० किंवा ६० चित्रांवर असतो, शटर मनाला येईल तसे. २५ किंवा ५० चित्रे आणि शटर १/५० किंवा १/१०० वर पक्के केले की पट्ट्या जातात. चित्राची सूक्ष्मता १०८० आणि २५ चित्रे यापेक्षा ७२० आणि ५० चित्रे घ्या. कबड्डीत स्पष्टतेपेक्षा सातत्य महत्त्वाचे, पाय टेकला की हवेत होता ते त्यावरच ठरते. कॅमेरा जमिनीपासून निदान तीन-साडेतीन मीटर उंच आणि अंतिम रेषेपासून पाच-सहा मीटर मागे हवा, नाहीतर जवळचे बचावपटू पुढचे सगळे झाकतात. आवाज मोबाइलच्या माइकने घेतला की कर्ण्याचा आवाज फाटतो. ध्वनिक्षेपकवाल्याच्या मिक्सरमधून वेगळी तार घ्या आणि प्रेक्षकांसाठी दुसरा माइक कमी आवाजावर ठेवा.

सिमकार्डावर विसंबू नका. दुपारी चाचणीत वेग छान मिळतो, रात्री हजार माणसे जमली की तोच टॉवर दमतो आणि उपांत्य फेरीत चित्र गोठते. जवळच्या घरातून किंवा दुकानातून ब्रॉडबँडची तार ओढावी, ७२० साठी अपलोडचा वेग सलग ६ ते ८ एमबीपीएस मिळतो का ते सामन्यांच्या वेळेलाच तपासावे. यूट्यूबवर वाहिनी नवी असेल तर पहिल्या थेट प्रक्षेपणाची परवानगी सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागतात आणि थेट मोबाइलवरून करायचे तर किमान ५० सबस्क्राइबर लागतात, हे उद्घाटनाच्या दिवशी कळून उपयोग नाही. गुणफलक पडद्यावर टाकणारा माणूस गुणलेखकाच्या शेजारीच बसवा आणि त्याला तीनच गोष्टी सांभाळायला द्या: गुण, उरलेला वेळ आणि दोन्हीकडचे चटईवरचे खेळाडू. जाहिरातींची पट्टी वरच्या कडेला ठेवा. खालच्या कडेला ठेवली की जवळची अंतिम रेषा तिच्याखाली जाते, आणि कोपरारक्षक उभा असतो तो नेमका तिथेच.