2005 च्या मिनीव्हॅनचे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन: दुरुस्तीनंतरचे आठ महिने

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. गेल्या वर्षी सप्टेंबरात आमच्या जुन्या मिनीव्हॅनचा गिअर स्लिप होऊ लागला: चढावर किंवा डावीकडे वळताना टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणारा, काटा झटक्यात साडेतीन हजारांवर जाई, पण गाडी वेग घेत नसे. एका संध्याकाळी इंटरस्टेट 287 या महामार्गावर ती लिंप मोडमध्ये, म्हणजे बिघाड झाल्यावर स्वतःला वाचवायच्या मर्यादित अवस्थेत, गेली आणि दुसऱ्या गिअरवरच अडकली. मागे आई बसली होती. पुढच्याच एक्झिटला उतरून आतल्या रस्त्यांनी सावकाश घर गाठले.

दुसऱ्या दिवशी गॅरेजने पी 0700 हा कोड दाखवला आणि चेंबर, म्हणजे ट्रान्समिशनच्या तळाचे तेलाचे पात्र, तेही न उघडता संपूर्ण रिबिल्डचे, म्हणजे ट्रान्समिशन खोलून नव्याने बांधण्याचे, 3,400 डॉलर सांगितले. हा कोड ट्रान्समिशनच्या कंट्रोलरने काहीतरी बिघाड नोंदवला आहे, एवढेच सांगतो. काय बिघडले हे त्याच्या आतला कोड वाचल्याशिवाय कळत नाही. मी तो वाचला तेव्हा पी 0733, म्हणजे तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर चुकल्याची नोंद, मिळाली. याचे एक साधे कारण कमी तेल असू शकते: तेल कमी पडले की पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो, दाब पडतो आणि क्लच पॅक, म्हणजे गिअर धरून ठेवणाऱ्या चकत्यांचे संच, घट्ट धरत नाहीत. वळणावर तेल एका बाजूला सरकत असल्याने त्रास आधी तिथेच दिसतो.

मग आधी तेलच का तपासले नाही? कारण या गाडीच्या ट्रान्समिशनला डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी मोजायची पट्टी, मुळातच नाही. नळी आहे, तिच्यावर टोपण आहे आणि टोपणावर 'फक्त डीलरसाठी' असे लिहिलेले आहे. या एका गोष्टीचा मला आजही मनापासून राग येतो. ज्या तेलावर हजारो डॉलरचे यंत्र चालते, त्याची पातळी मालकाला पाहता येऊ नये, हे कोणत्या हिशेबाने योग्य ठरते? मिलीमीटरच्या खुणा असलेली डिपस्टिक मी वेगळी विकत घेतली, इंजिन चालू आणि गिअर 'पार्क'वर ठेवून मोजले आणि तेलाच्या तापमानाच्या तक्त्याशी ताडून पाहिले. पातळी 15 मिलीमीटर खाली होती.

चेंबर उतरवला तेव्हा चुंबकावर राखाडी लेप होता. बोटांत चोळला तर तो मलईसारखा मऊ लागला, धातूची एकही कपची टोचली नाही, म्हणजे आत काही तुटल्याची खूण नव्हती. तेल काळपट होते, पण जळका वास नव्हता. फिल्टर बदलला आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेलेच तेल भरले. फ्लश, म्हणजे यंत्राने सगळे जुने तेल धुऊन काढणे, मुद्दाम टाळला. गाडी सुरळीत चालू लागली आणि काम संपले, असे मी मित्रांना सांगूनही टाकले.

ते चुकीचे होते. सहा आठवड्यांत स्लिप परतली, पातळी पुन्हा खाली गेली होती. तेल कुठे जाते, हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. ऑइल कूलरच्या, म्हणजे तेल थंड करणाऱ्या भागाच्या, होजचा (रबरी नळीचा) धातूच्या नळीशी असलेला सांधा पाझरत होता. इंजिन गरम असतानाच थेंब येत असल्याने पार्किंगमध्ये डाग पडत नव्हता. होज बदलला. डिपस्टिक धरून सगळा खर्च 210 डॉलर झाला.

त्यानंतरच्या आठ महिन्यांत कोड एकदाही परतलेला नाही. मात्र कडाक्याच्या थंडीत पहिल्या मैलभरात दुसऱ्यावरून तिसरा गिअर किंचित उशिरा पडत असे, म्हणजे क्लचची थोडी झीज झालीच असावी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी पातळी मोजतो आणि वहीत लिहितो. या रविवारीही ती जागच्या जागी होती.