देशी एअर रायफल: वर्षभराचा वापर आणि नव्या मॉडेलची चर्चा

परभणीतील आमच्या छोट्या रेंजवर एका देशी कंपनीची दहा मीटर स्पर्धेची पीसीपी (सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) एअर रायफल गेल्या दिवाळीपासून रोज वापरात आहे. पुढे येणारी तक्रार मी कंपनीला पत्राने कळवली असून उत्तर अद्याप यायचे आहे, म्हणून तिचे नाव येथे लिहीत नाही. मात्र हे परीक्षण आत्ताच लिहिण्याचे कारण वेगळे आहे. बालेवाडीच्या स्पर्धेहून परतलेल्या मुलांनी याच कंपनीचे नवे मॉडेल येणार असल्याची चर्चा सोबत आणली आणि सोयाबीनचे पैसे नुकतेच हातात आलेले पालक “सर, आता घ्यायची की थांबायचे?” असे विचारू लागले आहेत.

आधी हातातल्या रायफलीविषयी. दहा मीटरच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा, त्यामुळे येथे नळीची कसोटी फार कठोर लागते. ही रायफल टेबलावर टेकवून मारलेल्या पाच छर्‍यांचे मिळून जे छिद्र होते, ते शर्टाच्या बटणाखाली झाकले जाते. ट्रिगरचा पहिला टप्पा संपून दुसरा लागतो ती जागा बोटाला स्पष्ट कळते. जर्मन रायफलीला दोन लाखांच्या पुढे मोजावे लागत असताना जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या मुलांना याहून अधिक अचूकता लागत नाही, असे माझे ठाम मत आहे.

तक्रार सिलच्या बाबतीत आहे. एप्रिलअखेर सिलिंडरच्या जोडाशी बारीक फुसफुस ऐकू येऊ लागली आणि रात्री भरलेली हवा सकाळपर्यंत निम्म्यावर येऊ लागली. सिल म्हणजे बोटात मावणारे रबरी कडे, पण ते जिल्ह्यात कुठेही मिळाले नाही. रायफल कुरिअरने पाठवून परत येईपर्यंत बावीस दिवस गेले आणि ऐन सुटीतला सराव बुडाला. आपल्याकडच्या उन्हाचाही विचार हवा: २५ अंशांत २०० बारपर्यंत (बार हे हवेच्या दाबाचे माप) भरलेला सिलिंडर ४५ अंशांत २१३ बारच्या आसपास जातो, म्हणून मे महिन्यात आम्ही १८० वरच थांबतो आणि रायफल उन्हात उभ्या गाडीत कधीही ठेवत नाही.

आता नव्या मॉडेलविषयी. या चर्चेला एक खरा आधार आहे. अलीकडे आलेल्या रायफलींचा लाकडी दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा भाग, उतरवला, तर आतील धातूच्या ठोकळ्याला खालच्या बाजूने आटे पाडलेली दोन छिद्रे दिसतात, आणि आमच्या जुन्या नगाला ती नाहीत. सध्याच्या दस्त्यात त्यांचा काहीही उपयोग होत नाही. मुलांच्या मते ती इलेक्ट्रॉनिक ट्रिगरची तयारी आहे. मला ते पटत नाही, कारण तेथे बॅटरी आणि तारा बसवण्याइतकी जागाच नाही. दोन्ही छिद्रे नळीच्या सरळ रेषेत आहेत, तेव्हा पुढे-मागे सरकणारा ॲल्युमिनियमचा दस्ता तेथे स्क्रूने घट्ट बसवला जाणार असावा, असा माझा कयास आहे. तसे झाले तर ते फार मोलाचे ठरेल. बारा वर्षांच्या मुलाला आजचा दस्ता लांब पडतो आणि मग तो मान पुढे ताणून साइटमधून पाहतो.

काही हौशी मंडळी अधिक ताकदीच्या मॉडेलची वाट पाहत आहेत, पण दहा मीटरला ताकदीचा उपयोग नाही. आमच्या रायफलीतून सुटणाऱ्या छर्‍याची ऊर्जा सुमारे आठ ज्यूल आहे. साडेचार मिलिमीटरच्या आणि वीस ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, ही सोय गमावून पालकांच्या हाती काय लागणार? कंपनीने खरोखर काही नवे द्यायचेच असेल, तर प्रत्येक पेटीत सिलचे दोन जादा संच आणि ते बदलण्याची मराठी पुस्तिका द्यावी.

म्हणून पालकांना मी आहे ती रायफल घ्यायला सांगितले आहे, कारण नव्या मॉडेलची तारीख कोणाच्याही हातात नाही आणि बाराव्या-तेराव्या वर्षी वाया गेलेला हंगाम भरून काढणे कठीण असते. घेताना सिलिंडरवर ठोकलेली उत्पादनाची तारीख मात्र जरूर वाचावी, कारण मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. अपवाद एकाच मुलीचा केला आहे. ती डावखुरी आहे आणि या दस्त्याचा गालाचा आधार उजव्या हाताने मारणार्‍यांसाठीच घडवलेला आहे. तिच्या वडिलांना मी संक्रांतीपर्यंत थांबायला सांगितले असून तोवर ती रेंजवरच्या जुन्या, दोन्ही बाजूंनी सपाट दस्त्याच्या रायफलीवर सराव करते आहे.