बामणोलीचा घरगुती मुक्काम: खोलीभाड्याच्या आधी नावेचे भाडे विचारा

सातारा जिल्ह्यातल्या बामणोलीच्या अलीकडे, शिवसागर जलाशयाकडे उतरणाऱ्या डोंगरावर असलेल्या या घरगुती निवासाची शिफारस मी एका अटीवर करेन: जाणाऱ्या जोडप्याला तेथे जाऊन निवांत राहायचे असावे, रोज नवे ठिकाण पालथे घालायचे नसावे. खोली, दोन वेळचे जेवण, सकाळचा नाश्ता आणि दोन वेळचा चहा मिळून माणशी बाराशे रुपये, म्हणजे दोघांचे दिवसाला चोवीसशे रुपये होतात. सुट्टीच्या दिवशी महाबळेश्वरात तेवढ्या पैशात जेवणासह मुक्काम कोणी शोधून दाखवावा, आणि वर प्रवासी कर व पार्किंग आहेच. परंतु याच मुक्कामाला रोज एक गाडी आणि रोज एक नाव जोडत गेल्यास खर्च दुपटीच्या पुढे जातो, आणि त्याचे खापर निवासाच्या मालकांवर फोडता येत नाही. स्वस्तातल्या सहलीसाठी खोलीभाड्यात शंभर-दोनशे रुपयांची घासाघीस सगळेच करतात. पैसे खरे गळतात ते वाहनात आणि नावेत, हे तेथे राहिल्यावर चांगलेच ध्यानात येते.

प्रवासापासूनच हिशेब मांडला पाहिजे. आम्ही सांगलीहून गेलो. रेल्वेचे तिकीट एस.टी.पेक्षा स्वस्त असले तरी साताऱ्याचे रेल्वे स्थानक शहराबाहेर माहुलीला आहे, आणि तेथून स्टँडपर्यंतच्या रिक्षात वाचलेले पैसे जवळजवळ सगळे खर्ची पडतात. उलट मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.च्या गाड्यांत निम्मे तिकीट लागत असल्यामुळे जोडप्याचा प्रवास दीड तिकिटात उरकतो. लांबचा टप्पा असेल तर ही बचत एका जेवणाहून अधिक भरते. साताऱ्याहून बामणोलीचे अंतर सुमारे ३५ किलोमीटर आहे, मात्र तिकडे जाणाऱ्या गाड्या मोजक्याच असल्याने चौकशी खिडकीवर जातानाची आणि परतीची अशा दोन्ही वेळा विचारून घ्याव्यात, भिंतीवरच्या जुन्या फलकावर विसंबू नये. साताऱ्यात भाड्याने केलेली गाडी तुम्हाला सोडून रिकामी परत येणार असली तरी परतीचे भाडेही तुमच्याकडूनच घेते. ज्यांच्याकडे दुचाकी आहे त्यांनी तीच न्यावी. यवतेश्वरचा घाट चढल्यावर कासपर्यंतचा रस्ता हा या सहलीतला उत्तम भाग आहे, आणि तो फुकट आहे. पेट्रोल मात्र साताऱ्यातच भरून घ्यावे आणि पावसाळ्यात धुके उतरण्याच्या आत मुक्काम गाठावा.

घर कौलारू आहे. पुढचे अंगण शेणाने सारवलेले आहे, पण पाहुण्यांच्या खोल्यांत फरशी बसवली आहे, आणि न्हाणीघर व शौचालय प्रत्येक खोलीला लागून आहे. या भागातील काही स्वस्त निवासांत रात्री कंदील नाहीतर बॅटरी घेऊन परसात जावे लागते, त्या मानाने ही मोठीच सोय म्हणायची. गादी कापसाची व चांगली भरलेली होती, चादर धुतलेली होती आणि उशीच्या अभ्र्याला साबणाचा वास येत होता. पांघरायला दोन सोलापुरी चादरी देतात. थंडीत त्या पुरत नाहीत, तेव्हा झोपण्यापूर्वीच घोंगडी मागून घ्यावी. अंघोळीचे पाणी बंबात तापवतात आणि ते सकाळी ठरावीक वेळेतच मिळते. दोष सांगायचे तर न्हाणीघराच्या फरशीचा उतार उलटा, दाराकडे आहे, त्यामुळे पाणी उंबऱ्याशी तुंबते. आणि आमच्या खिडकीच्या जाळीचा खालचा कोपरा सुटलेला होता, त्यात कोणीतरी वर्तमानपत्राचा बोळा कोंबून ठेवला होता. डासांची अगरबत्ती मागितल्यावर लगेच मिळाली, पण जाळीला चार खिळे मारणे काही अवघड नव्हते.

जेवणाविषयी मात्र हात आखडता घेऊन लिहिता येणार नाही. स्वयंपाक चुलीवर होतो आणि पाहुण्यांना तेथे बसण्याची मुभा आहे, इतकेच नव्हे तर थंडीच्या दिवसांत तीच घरातली सर्वांत ऊबदार जागा असते. रात्री नाचणीची भाकरी, घेवड्याची दाटसर आमटी, मिरचीचा ठेचा, एखादी पालेभाजी आणि शेवटी इंद्रायणीचा चिकटसर भात असा बेत होता. भाकरी तव्यावर एका बाजूने भाजली की काकू ती चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांवर उभी करतात. ती टम्म फुगली की तिचा पापुद्रा बोटाने फोडून त्यात तुपाची धार सोडतात आणि मगच ताटात वाढतात. पोट भरले असे सांगून हात आडवा केला तरी ‘ताई, गरम हाय तवर आणिक एक घ्या की,’ असा आग्रह होतो आणि तो मोडवत नाही. आमटीत गरम मसाल्याचा भडिमार नव्हता, घेवड्याची स्वतःची चव टिकून होती. साताऱ्याकडचा घेवडा नावाजलेला का आहे, ते अशा आमटीतूनच कळते. नाश्त्याला पोहे होते. ते बरे होते, एवढेच.

माझी मुख्य तक्रारही जेवणासंबंधीच आहे. दुसऱ्या दिवशी जलाशयातले ताजे मासे आले आहेत, करू का, असे विचारले गेले आणि आम्ही हो म्हटले. रस्सा उत्तम होता. निघताना दिनदर्शिकेच्या जुन्या पानाच्या पाठीवर लिहिलेला हिशेब हाती आला तेव्हा माशांची रक्कम त्यात वेगळी धरलेली होती, आणि ती एका माणसाच्या निम्म्या दिवसाच्या खर्चाइतकी होती. ताजे मासे माणशी बाराशेत बसणार नाहीत हे मान्य, पण जे वेगळे लावायचे ते विचारतानाच सांगायला हवे. आम्ही तसे म्हटल्यावर मालकांनी वाद न घालता थोडी रक्कम कमी केली. तरीही जाणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी बाराशेत काय येते आणि काय येत नाही हे स्पष्ट करून घ्यावे. कोंबडी हवी असल्यास तीही वेगळी लागते.

आता नावेविषयी. बामणोलीच्या धक्क्यावर भाडे माणशी नसते, नावेमागे असते. ठिकाण आणि वेळ यांनुसार दर ठरलेले असतात. दहा-बारा मित्रांचा गट असला की प्रत्येकाच्या वाट्याला किरकोळ रक्कम येते, दोघांना मात्र सगळी नाव एकट्याने सोसावी लागते. कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्या तापोळ्याजवळ जेथे एकत्र येतात त्या त्रिवेणी संगमापर्यंतची फेरी सुंदर आहे यात शंका नाही, पण दोघांच्या खर्चात ती एका मुक्कामाच्या तोडीने बसू शकते. वासोट्याला, म्हणजे व्याघ्रगडाला, जायचे असल्यास नाव टाळताच येत नाही. गड कोयना अभयारण्यात आहे, हे अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, आणि त्यामुळे वन विभागाची परवानगी, प्रवेशशुल्क, नाव व प्लास्टिकची तपासणी हे सारे ओलांडून मेट इंदवलीला उतरायचे, जंगलातून चढायचे आणि अंधार पडण्यापूर्वी परत धक्क्यावर यायचे असा दिवसभराचा कार्यक्रम असतो. गडावर मुक्कामाला परवानगी नाही आणि पावसाळ्यात वाट बंद असते.

या बाबतीत निवासाचे मालक खरोखर उपयोगी पडले. दोघांसाठी अख्खी नाव करू नका, असे त्यांनी आपण होऊन सांगितले, आदल्या रात्री धक्क्यावरच्या ओळखीच्या नावाड्याशी बोलून पुण्याच्या एका लहान गटात आमची सोय लावली आणि त्यात स्वतःची दलाली घेतली नाही. आमच्या सगळ्या सहलीत सर्वांत जास्त पैसे वाचले ते या एका फोनमुळे. सुट्टीच्या दिवशी असा गट सहज मिळतो, आडवारी मिळेलच असे नाही. जोडप्यांना आडवार स्वस्त पडतो हा सरसकट समज येथे उलटा ठरतो, कारण खोलीत वाचलेले पैसे नावेत घालवावे लागतात. नावेत बसताना जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे आणि ते बांधूनच बसावे, मग नावाडी हसला तरी हरकत नाही.

जाहिरातीतील छायाचित्रांविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण निराश होऊन परतणारे बहुतेक जण त्यांच्यामुळेच निराश होत असावेत. छायाचित्रांत निळे पाणी अंगणाच्या बांधाला टेकलेले दिसते. ती छायाचित्रे खोटी नाहीत, पावसाळा संपतानाची आहेत. शिवसागर हे नैसर्गिक सरोवर नसून १९६४ साली पूर्ण झालेल्या कोयना धरणाचा जलाशय आहे. सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, क्षमतेच्या या साठ्यातले पाणी पश्चिमेकडे पोफळीच्या वीजगृहांकडे वळवले जाते, त्यावर कृष्णा पाणीवाटप लवादाने ६७.५ टीएमसीची वार्षिक मर्यादा घातलेली आहे, आणि शिवाय पूर्वेकडे नदीपात्रात सिंचनासाठीही पाणी सोडतात. साहजिकच पाऊस थांबल्यापासून पातळी उतरत जाते आणि मे महिन्यात त्याच बांधापासून पाण्यापर्यंत पोहोचायला भेगाळलेल्या गाळातून बरेच खाली जावे लागते. थोडक्यात, तुमच्या खोलीसमोर पाणी किती असेल हे राज्यात वीज किती लागली यावर ठरते. मालकांनी प्रत्येक छायाचित्राखाली महिना लिहिला तर अर्ध्या तक्रारी आपोआप मिटतील. ज्यांच्या जमिनी याच पाण्याखाली गेल्या त्यांची पुढची पिढी आज पाण्याकाठच्या पर्यटनावर पोट भरते आहे; मालकांनी अंगणातून हात करून आपल्या आजोबांचे शिवार कोठे होते ते दाखवले, तेव्हा त्या दिशेला नुसते पाणी होते.

माझ्या मते जोडप्याने ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत जावे. त्याआधी कासचा फुलांचा हंगाम असतो. पश्चिम घाटासोबत २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून त्या पठारावर शनिवार-रविवारी इतकी झुंबड उडते की बामणोलीकडे नुसते निघून जाणाऱ्यालाही वाहनांच्या रांगेत ताटकळावे लागते, आणि याच निवासाचा दरही त्या काळात माणशी चारशे रुपयांनी वाढतो. फुले पाहायचीच असतील तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, आधी नोंदणी करून जावे. ठोसेघर आणि सज्जनगड हे साताऱ्याहून निघणाऱ्या वेगळ्या रस्त्यावर आहेत. ते याच मुक्कामात कोंबण्याचा मोह टाळावा. भांबवलीचा वजराई धबधबा त्या मानाने जवळ आहे, पण पाऊस संपल्यावर त्याचा जोर राहत नाही.

एकांताच्या दृष्टीने जागा चांगली आहे. संध्याकाळी शेजारच्या दुसऱ्या एका निवासात ध्वनिक्षेपक लावून गाणी सुरू झाली होती, तेव्हा आमच्या मालकांनी जाऊन ती बंद करायला लावली. त्यांच्या स्वतःच्या अंगणात दारू आणि मोठ्या आवाजात गाणी यांना मनाई आहे, आणि हा नियम त्यांनी आमच्यादेखत एका गटाला ऐकवला. आल्या आल्या दोघांचीही ओळखपत्रे मागतात, नोंदवहीत नावे लिहितात आणि त्यानंतर कोणी अकारण दार वाजवत नाही. मोबाईलचे नेटवर्क कासच्या पुढे लहरी असते, खोलीत तर जवळपास नसतेच. ज्यांना कार्यालयाचे काम सोबत न्यायचे आहे त्यांनी साताऱ्यातच राहावे.

खोली फोनवरून नोंदवता येते व निम्मी रक्कम आगाऊ पाठवावी लागते. त्याच फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात: सध्या पाणी अंगणापासून किती लांब आहे, त्या दिवशी वासोट्याला जाणारा एखादा गट आहे का, आणि कोपऱ्यातली खोली मोकळी आहे का, कारण जलाशय फक्त त्याच खोलीच्या खिडकीतून दिसतो आणि भाडे मात्र सगळ्या खोल्यांना सारखेच आहे. उरलेली निम्मी रक्कम, नावेचे आणि माशांचे पैसे रोख न्यावेत. नेटवर्कअभावी ऑनलाइन पैसे जात नाहीत, आणि एटीएमसाठी पुन्हा घाट उतरून साताऱ्याला जाणे म्हणजे वाचवलेल्या पैशांचे पेट्रोल जाळणे आहे.