एलएम७५ म्हणून मिळालेलं सेन्सर मॉड्यूल: माल बरा, नाव खोटं

दाजींची खानापूर तालुक्यात कोंबड्यांची शेड आहे, छोटीच, आणि यंदा पिल्लं आली तेव्हा पाऊस असा लागलेला की ब्रूडरखाली, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या साधनाखाली, ऊब किती आहे ते बघायला दर दोन तासांनी घरातलं कुणीतरी उठायचं. पहिल्या आठवड्यात पिल्लांना साधारण ९५ फॅरनहाइट म्हणजे ३५ डिग्री लागते, मग दर आठवड्याला पाच-पाच फॅरनहाइट उतरवत यायचं. मी म्हटलं थांबा, माझ्याकडं जुना रास्पबेरी पाय (छोटा, एका बोर्डावरचा कम्प्युटर) धूळ खात पडलाय, त्याला सेन्सर लावू, मोबाईलवर दिसेल सगळं. मग बेळगावातल्या एका दुकानातून दोन वस्तू आणल्या, एक एलएम७५ ह्या तापमान मोजणाऱ्या चिपचं छोटं मॉड्यूल आणि एक डीएस१८बी२० ह्या तसल्याच दुसऱ्या चिपचा वॉटरप्रूफ प्रोब, तो स्टीलची टोपी आणि काळी वायर असलेला. दोन महिने वापरून मग लिहितोय. दुकानाचं नाव घेत नाही, माणूस वाईट नाही आणि बाकीचं सामान तिथं चांगलं मिळतं.

आधी मॉड्यूल, कारण डोकं त्यानंच खाल्लं.

यूएसबीचा माऊस खोचला की तो स्वतःचं नाव-गाव सांगून मोकळा होतो, पण आयटूसीच्या (बोर्डावरच्या चिपांशी बोलायची पद्धत) दोन तारांवर बसलेली चिप तोंडच उघडत नाही. कर्नलला, म्हणजे पायच्या सिस्टिमच्या गाभ्याला, आपणच लिहून द्यायचं की अमुक बसवर (म्हणजे तारांच्या जोडीवर), अमुक पत्त्यावर, अमुक चिप बसलीय, तिला अमुक ड्रायव्हर (तिच्याशी बोलणारा प्रोग्राम) लाव. हे लिहायची जागा म्हणजे डिव्हाइस ट्री. दाजींना म्हटलं, कर्नलला सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही, तर ते म्हणाले कुठला कर्नल, कॅम्पातला? आता बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर असल्यावर दुसरा कर्नल कुणाला आठवणार.

पायवर हे सोपं करून ठेवलंय म्हणतात. कॉन्फिग फाईलमध्ये ओव्हरलेची (डिव्हाइस ट्रीला वरून जोडायच्या तुकड्याची) एक ओळ, आय टू सी सेन्सर, स्वल्पविराम, एलएम७५, झालं. टाकली, रीबूट केला, काहीच नाही. वायरी काढून घातल्या, ३.३ व्होल्ट तपासलं, तासभर गेला. शेवटी बस स्कॅन केली तर चिप ४८ वर बसलेली आणि ओव्हरले मात्र, पत्ता दिला नाही तर, ४एफ धरून चालतो (हे आकडे हेक्समधले, तिथं ९ नंतर ए ते एफ येतात). एलएम७५ ला पत्ता ठरवणाऱ्या तीन पिना असतात, त्यामुळं एका गल्लीत ४८ ते ४एफ अशी आठ घरं होतात, माझ्या मॉड्यूलवर तिन्ही पिना ग्राउंडला बांधलेल्या म्हणून पहिलं घर, आणि कर्नल गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन कडी वाजवत बसलेला. पत्ता लिहून दिला आणि परत स्कॅन केलं तर ४८ च्या जागी यूयू आलं, म्हणजे ड्रायव्हर बसला. आता हा पत्ता पाकिटावर छापायला काय जात होतं? पाकिटावर काय होतं तर फक्त किंमत, ती पण पेननं.

आकडे यायला लागले, २७५००, २८०००. दाजी म्हणाले अठ्ठावीस हजार डिग्री? म्हटलं कर्नल मिलीडिग्रीत देतो, हजारानं भागायचं. (हे लक्षात ठेवा, पुढं मीच विसरलोय.) पण आकडा अर्ध्या-अर्ध्या डिग्रीनंच उडी मारायचा, मधलं काही नाही. एलएम७५ नऊ बिटचाच असतो म्हणून मी गप्प बसलो, चार दिवसांनी सहज भिंग लावून चिपवरची अक्षरं वाचली तर तिथं चक्क टीएमपी७५! ही त्याच कुळातली पण १२ बिटपर्यंत मोजणारी, म्हणजे ०.०६२५ डिग्रीची पायरी. ड्रायव्हर दोघींना एकच आहे, पण नाव बघून वागणूक बदलतो. एलएम७५ सांगितलं तर नऊ बिटच घेतो, टीएमपी७५ सांगितलं तर चिपला १२ बिटवर चढवतो. मूळ एलएम७५ मध्ये ओळख सांगणारं रजिस्टरच नाही, त्यामुळं कर्नल खात्री करायला जाणार कुठं, आपण लिहिलं ते खरं धरतो बिचारा. दुकानदारानं मला जे खोटं सांगितलं तेच मी पुढं कर्नलला सांगितलं, एवढंच.

मग स्वतःचा ओव्हरले लिहायला बसलो. त्यात कम्पॅटिबल नावाची जी ओळ असते तिच्यात एकापेक्षा जास्त नावं देता येतात, नेमकं नाव आधी आणि ढोबळ नाव नंतर, पहिल्याचा ड्रायव्हर मिळाला नाही तर दुसरं नाव बघतो. आपल्याकडं बसमध्ये अनोळखी माणसाशी आधी कन्नड, नाही जमलं तर मराठी, नाहीतर हिंदी, तसंच. टीआय स्वल्पविराम टीएमपी७५ असं लिहिलं आणि आकडा गुळगुळीत सरकायला लागला, पैसे तेव्हा वसूल झाल्यासारखे वाटले.

तिथंच थांबायला हवं होतं. पण डब्यात बोर्ड जास्त तापला तर आपोआप बंद व्हावा म्हणून थर्मल झोन पण लिहिला, ६० डिग्रीला क्रिटिकल. आणि लिहिलं काय तर ६०. मिली विसरलो! म्हणजे ०.०६ डिग्री. कर्नल उठला, २८ डिग्री बघितली, जीव वाचवायला पाय बंद केला. परत चालू केला, परत बंद. अडाप्टर गेला म्हणून मी नवीन आणायला निघालो होतो, मग कार्ड काढून लॅपटॉपला लावलं तेव्हा दिसलं. ह्यात मॉड्यूलचा दोष शून्य, पण लिहिलं पाहिजे, कारण कुणीतरी हेच करणार आहे.

एक सांगतो, हे मॉड्यूल पिल्लांपाशी न्यायचं नाही. आयटूसी बोर्डावरच्या बोर्डावर बोलायला केलेली आहे, लांब वायर ओढली की वाचन गंडतं, आणि उघडी चिप शेडच्या धुळीत अन् अमोनियात किती टिकणार. माझं मॉड्यूल पायच्या डब्यातच आहे.

ब्रूडरखाली जातो तो प्रोब, आणि तो एकदम सरळ माणूस. प्रत्येक डीएस१८बी२० ला ६४ बिटचा स्वतःचा नंबर असतो, २८ नं सुरू होणारा, त्यामुळं कर्नलला फक्त वनवायर (ह्या प्रोबची एकाच तारेवर बोलायची पद्धत) कुठल्या पिनवर आहे तेवढं सांगायचं (पायवर न सांगता जीपीआयओ ४ ही पिन धरतो), सेन्सर तो स्वतः हुडकून काढतो. पत्ता नाही, नाव नाही, कटकट नाही. फक्त ४.७ किलोओहमचा रेझिस्टर पाकिटात नव्हता, परत फेरी पडली. पिल्लांच्या उंचीवर बांधला, १२ बिटला पाऊण सेकंद घेतो, शेडला तेवढं चालतं.

त्यानं एकदाच घाबरवलं. रात्री दीडला मोबाईल कोकलला, ८५ डिग्री! दाजी भर पावसात टॉर्च घेऊन शेडकडं पळाले, ताई मागं छत्री घेऊन, तर पिल्लं निवांत झोपलेली. ८५ हा त्या चिपचा चालू होतानाचा आकडा आहे, मोजता मोजता करंट तुटला आणि ती परत सुरू झाली की हाच देते. स्क्रूखाली वायर सैल होती, डाग दिला, त्यानंतर आजपर्यंत एकदा पण नाही. अलार्ममध्ये बरोब्बर ८५ आला तर सोडून दे असं पण लिहून टाकलं.

तर प्रोबला पाचपैकी साडेचार, अर्धा रेझिस्टरचा कापला. मॉड्यूलला तीन, माल खरं तर चारचा आहे पण नाव चुकीचं लावून विकल्यावर एक जाणारच, दुसऱ्या कुणी घेतलं असतं तर त्याला जन्मभर अर्ध्या डिग्रीचीच पायरी दिसली असती आणि त्याला वाटलं असतं एवढंच येतं.

गेल्या आठवड्यात दुकानात परत गेलो, काकांना सांगितलं, हे एलएम७५ नव्हे, टीएमपी७५ आहे, पत्ता ४८. ते म्हणाले सगळं एकच की हो, गिऱ्हाईक एलएमच मागतंय. पण मी उभा राहिलो म्हणून मार्कर घेतला आणि डब्यावर लिहिलं, टीएमपी७५, पत्ता ८४. घरी येऊन फोटो बघितला तेव्हा माझ्या लक्षात आलं.