कॉपी कुठून करता ते सांगा, मग ब्राउझर ठरवू

गणपती जवळ आले की गिरगावातल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात अहवाल आणि कार्यक्रमपत्रिकांची रांग लागते. पूर्वी छापून दिलं की काम संपायचं. आता तोच मजकूर मंडळाच्या संकेतस्थळावरही हवा असतो, आणि तो चढवायचं कामही आमच्याच गळ्यात. त्यामुळे "मराठी मजकूर टाकायला कुठला ब्राउझर बरा?" हे दर आठ दिवसांनी कुणीतरी विचारतंच. क्रोम, एज, फायरफॉक्स, सफारी, चारही हाताखालचे आहेत. तरी उत्तर देण्याआधी मी उलट विचारतो: मजकूर तिथेच बसून टाइप करणार, की दुसरीकडून उचलून आणणार?

टाइपच करणार असाल तर डोकं खाजवू नका. क्रोम आणि एज ही एकाच गिरणीची पिठं. जानेवारी 2020 पासून एज क्रोमियमवरच, म्हणजे क्रोमच्याच पायावर, चालतो. सफारीचं इंजिन, म्हणजे पान रंगवणारा आतला भाग, वेबकिट, आणि क्रोमचं ब्लिंक हे 2013 मध्ये त्यातूनच फुटलेलं. फायरफॉक्सचं गेको तेवढं वेगळ्या घरचं. एंटर मारल्यावर काय होतं यावरून पूर्वी भांडणं होती: क्रोम नवा परिच्छेदाचा डबा उघडायचा, फायरफॉक्स नुसती ओळ तोडायचा. 2018 च्या फायरफॉक्स 60 पासून तोही क्रोमसारखाच वागायला लागला. आरतीच्या ओळींमध्ये भलंमोठं अंतर पडत असेल तर ब्राउझर बदलू नका, शिफ्ट दाबून एंटर मारा.

खरा फरक दिसतो तो उचललेल्या मजकुरात.

मागच्या वर्षी आमच्या पोराने एका मंडळाची कार्यक्रमपत्रिका डार्क मोडमध्ये उघडलेल्या पानावरून उचलली आणि दुसऱ्या पानावर चिकटवली. संध्याकाळी मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन: "अहो, दिंडी आहे, भजन आहे, मधला अथर्वशीर्षाचा दिवस कुठे गेला?" दिवस तिथेच होता. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत. माउसने निवडल्यावर निळ्या पट्टीत झळकला. चूक आमचीच, पण ती का होते ते समजलं की निवड सोपी होते.

क्रोम, एज किंवा सफारीत मजकूर कॉपी केला की अक्षरांबरोबर त्यांचा त्या क्षणीचा पोशाखही क्लिपबोर्डवर जातो. फॉन्ट, आकार, रंग, मागची पार्श्वभूमी, सगळं मोजून प्रत्येक तुकड्याला डकवलेलं असतं. पेस्ट करताना समोरच्या संपादकाने, म्हणजे संकेतस्थळावरच्या मजकूर टाकायच्या चौकटीने, पार्श्वभूमी गाळली आणि रंग ठेवला, की झालं पांढऱ्यावर पांढरं. दोन्ही ठेवलं तर प्रत्येक ओळीमागे काळी पट्टी. फायरफॉक्स हा पोशाख मोजत बसत नाही. पानाच्या मूळ मांडणीत जे टॅग आहेत, म्हणजे ठळक, तिरपं, दुवा, यादी, तेवढेच उचलतो. म्हणून फायरफॉक्समधून आणलेला मजकूर नव्या पानावर त्या पानाचाच वाटतो.

याची किंमतही आहे, ती आधीच सांगतो. मूळ पानावर शीर्षक ठळक दिसतंय, पण तो ठळकपणा टॅगमधून न येता पानाच्या शैलीपत्रकातून, म्हणजे दिसण्याचे नियम वेगळे लिहिलेल्या फायलीतून, येत असेल, तर फायरफॉक्स तो मागेच सोडतो. क्रोम घेऊन येतो. ज्याला मूळ रूप जसंच्या तसं हवंय त्याने क्रोममधून उचलावं. मला बहुधा नको असतं. थोडक्यात, पेस्ट कुठे करता याहून कॉपी कुठून करता हे जास्त महत्त्वाचं, आणि बहुतेकजण नेमका याचा उलटा विचार करतात.

सगळंच झटकून नुसती अक्षरं हवीत तर विंडोजवर क्रोम, एज, फायरफॉक्स तिघांतही कंट्रोल-शिफ्ट-व्ही. मॅकवर सफारीत ऑप्शन-शिफ्ट-कमांड-व्ही, चार बोटांची कसरत. अँड्रॉइडवर बोट दाबून धरलं की मेनूत साधा मजकूर म्हणून पेस्ट करायची सोय मिळते. वर्डमधून येणाऱ्या फायलींना तर मी दुसऱ्या कुठल्याच पद्धतीने हात लावत नाही. वर्डचा कचरा चारही ब्राउझरांत सारखाच चिकट.

एजची एक वेगळी खोड आहे. वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी करून संपादकात टाकला की पत्त्याऐवजी पानाचं शीर्षक दुवा होऊन येतं. अहवालात ते छान दिसतं. पण वर्गणीचा दुवा लोकांनी वाचून टाइप करावा अशी सूचना असेल, तर हे अगदी नको असतं. सेटिंगमध्ये कॉपी-पेस्टच्या भागात ते बदलता येतं. सफारीची खोड उलट मला आवडते: मॅकवर सोय चालू असेल तर टाइप करता करता सरळ अवतरणचिन्हं वळणदार होतात. छपाईवाल्याच्या डोळ्याला बरं वाटतं.

आयफोनवाल्यांनी निवडीचा ताण घेऊ नये. आपल्याकडे आयफोनवर क्रोम घ्या नाहीतर फायरफॉक्स, आत वेबकिटच असतं. युरोपीय संघात 2024 पासून ॲपलचा हा नियम सैल झालाय, गिरगावात नाही.

आता दिसण्याबद्दल. देवनागरी कशी दिसते याचं श्रेय-अपश्रेय लोक ब्राउझरला देतात, पण बहुतेक वेळा तो यंत्रातल्या फॉन्टचा मामला असतो: विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो, मॅकवर कोहिनूर. जोडाक्षरं जुळवायचं काम क्रोम आणि फायरफॉक्स दोघंही हार्फबझ याच लायब्ररीकडून करून घेतात, तेव्हा तिथे फार तफावत शोधू नका. संकेतस्थळ आपल्या हातात असेल तर मुंबईच्याच 'एक टाइप' या संस्थेचा मुक्ता फॉन्ट लावा. फुकट आहे आणि त्यात सात वजनं, म्हणजे बारीक ते जाड असे सात प्रकार, आहेत. फॉन्टमध्ये ठळक वजन नसलं की ब्राउझर अक्षर नुसतं फुगवतो, आणि 'ष'चं पोट भरून जातं. तिरपं अक्षर तर देवनागरीत टाळाच. बहुतेक फॉन्टमध्ये ते नसतंच, ब्राउझर उभं अक्षर ढकलून वाकडं करतो. अधोरेखनाचंही तसंच. आताचे सगळे ब्राउझर खाली लोंबणाऱ्या भागाशी रेघ तोडतात, त्यामुळे 'गुरुकुल' अधोरेखित केलं की 'गु' आणि 'कु'च्या उकारांशी रेघ अडखळते.

एक गोष्ट मात्र कुठलाही ब्राउझर वाचवणार नाही. मंडळाने जेवणावळीनंतर आचाऱ्यांचे आभार मानले आणि पानावर आचार्यांचे आभार उमटले, असं होऊ शकतं. 'ऱ्या' दोन प्रकारे लिहिला जातो. एकात 'र', हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. काही संपादक पेस्ट करताना अदृश्य चिन्हं सफाईत काढून टाकतात, आणि स्वयंपाक्याचा पंडित होतो. दुसऱ्यात मुळातच टिंबवाला 'ऱ' असतो, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे. त्याला काढण्यासारखं अदृश्य काही नसतं, तो टिकतो. आम्ही तोच वापरतो.

आमच्या दुकानात सध्या वाचायला आणि उचलायला फायरफॉक्स, चढवायला क्रोम. दोन खिडक्या शेजारी शेजारी. एकच ठेवायचा असेल तर फायरफॉक्स. मराठी शब्दकोशाची जोडही त्याला बसवता येते.

आणि पेनड्राइव्हमधून श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली पंधरा वर्षांपूर्वीची स्मरणिका घेऊन याल, तर ब्राउझर कुठला हा प्रश्नच नाही. चौघांतही तीच इंग्रजी मुळाक्षरांची खिचडी दिसेल. आधी युनिकोडमध्ये फिरवून घ्या. फिरवल्यावर पहिल्यांदा 'ऱ्या' आणि 'ऱ्हा' तपासा, मग बाकीचं.