डॉक्सिजन आठ महिने वापरून: एचटीएमएल राहू द्या, वॉर्निंग बघा

डॉक्सिजन म्हणजे कोडमधल्या कॉमेंटवरून डॉक्युमेंटेशनची एचटीएमएल पानं बनवणारं टूल. ऑक्टोबरपासून ते वापरून राहिलो, आता जून संपत आला, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

आमचं काम सी भाषेतलं, वीज मीटरचं फर्मवेअर, म्हणजे मीटरच्या आत चालणारं सॉफ्टवेअर. ऑफिस वर्धा रोडला, सहा जणांची टीम, कोड बारा वर्षं जुना. आमच्या टीममधले सगळ्यात सीनियर दादा दसऱ्यानंतर पुण्याला गेले अन् जाताना अर्धा कोड डोक्यात घेऊन गेले. तेवढ्यात कस्टमरने डॉक्युमेंटेशन मागितलं. साहेब म्हणाले वर्डमध्ये लिहा, मी म्हटलं सर वर्डमधलं पंधरा दिवसांत शिळं होते, कोडमधल्या कॉमेंटवरूनच काढू. जावाडॉक जावाचं, स्फिंक्स मुळात पायथनच्या डॉक्युमेंटेशनसाठी बनलेलं, सी साठी डॉक्सिजनच बरं वाटलं. दिमित्री व्हान हीश यांनी 1997 मध्ये काढलेलं, फुकट आहे आणि अजून नवीन व्हर्जन येत असतात.

इन्स्टॉल करणं सोपं, डॅश जी देऊन एकदा चालवलं की डॉक्सिफाइल, म्हणजे सेटिंगची फाइल, तयार. पण पहिल्यांदा चालवलं तर पान जवळपास रिकामं. सबफोल्डरमध्ये शिरायचा ऑप्शन बाय डिफॉल्ट बंद असतो, तो चालू केला, तरी फंक्शन दिसेना. दोन दिवस गेले बावा ह्याच्यात. शेवटी कळलं की सी मधल्या साध्या ग्लोबल फंक्शनवर कितीही छान कॉमेंट लिहा, त्या फाइलच्या डोक्यावर अ‍ॅट फाइल वाली कॉमेंट (ही फाइल डॉक्युमेंट कर असं सांगणारी) नसेल तर ते धरतच नाही. ते टाकलं तरी काही फंक्शन गायबच. ती सगळी इफडेफच्या (फ्लॅग दिला तरच धरला जाणारा कोड) आतली निघाली, आमचे फ्लॅग मेकफाइलमध्ये (कोड कम्पाइल करायच्या सूचनांची फाइल), ते डॉक्सिजनला कुठून माहीत असणार, प्रीडिफाइन्ड ह्या सेटिंगमध्ये एकेक लिहून द्यावे लागले. थ्री फेजचं अख्खं मॉड्यूल त्यानंतर उगवलं.

मग कोणीतरी म्हणालं एक्स्ट्रॅक्ट ऑल, म्हणजे कॉमेंट नसलेलंही दाखवायची सेटिंग, येस करून टाक. केलं, आणि एकदम भरलेली साइट, डावीकडे झाडासारखी यादी, सर्च, साहेब खूश. पण ह्यात एक मेख आहे. ते येस केलं की कॉमेंट नसलेल्या फंक्शनच्या वॉर्निंग येणंच बंद होते. म्हणजे घर आवरलं नाही, नुसता पडदा ओढला. आम्ही महिनाभर खुशीत होतो, नंतर ते नो केलं तर नऊशेच्या वर वॉर्निंग.

माझ्या मते ह्या टूलची खरी किंमत त्या वॉर्निंगमध्येच आहे. एचटीएमएल आमच्या टीममध्ये कोणी उघडत नाही, एडिटरमध्येच सगळं दिसते. पण तुम्ही पॅरामीटरचं नाव बदललं आणि वरच्या कॉमेंटमध्ये जुनंच राहिलं, की डॉक्सिजन लगेच ओरडते की हा पॅरामीटर यादीत नाहीच. आम्ही वॉर्न अ‍ॅज एरर ह्या सेटिंगला फेल ऑन वॉर्निंग्ज देऊन ते बिल्डमध्ये बसवलं, म्हणजे सगळ्या वॉर्निंग दाखवून शेवटी बिल्ड फेल. नुसतं येस देऊ नका, पहिल्या वॉर्निंगलाच थांबते, मग एक सुधारा, परत चालवा, दुसरी सुधारा, दिवस संपतो.

पण नावापलीकडचं त्याला काही कळत नाही, हे जानेवारीत चांगलंच समजलं. मॉडबसचं (मीटरशी बोलायचा प्रोटोकॉल) उत्तर वाचायचं एक फंक्शन, कॉमेंटमध्ये लिहिलेलं की टाइमआउट सेकंदात. कोणीतरी कधीतरी ते मिलीसेकंद केलं, नाव तसंच, कॉमेंट तशीच, वॉर्निंग शून्य. मी भोळेपणाने 5 दिले. मीटर उत्तर द्यायला तोंड उघडते तोवर फंक्शन हात वर करून मोकळं. तीन दिवस मी केबल बदलत बसलो, कन्व्हर्टर बदलला, हार्डवेअरवाल्या पोराशी भांडलो, त्याला नंतर तर्री पोहे खाऊ घालावे लागले. तेव्हापासून नियम केला की युनिट पॅरामीटरच्या नावातच घालायचं, शेवटी अंडरस्कोर एमएस. म्हणजे युनिट बदललं की नाव बदलते, नाव बदललं की डॉक्सिजन बोंब मारते. आठ महिन्यांत सगळ्यात कामाची गोष्ट हीच सापडली.

त्या नऊशे वॉर्निंग संपवायला आमच्या ज्युनियरने एआयला बसवलं. दुपारपर्यंत सगळ्या साफ! मी उघडून पाहिलं तर रीड व्होल्टेजवर लिहिलेलं, हे फंक्शन व्होल्टेज रीड करते. वा रे वा. त्याहून वाईट म्हणजे दादांच्या जुन्या कॉमेंट पण त्याने सुधारून ठेवल्या होत्या. एका ठिकाणी दादांनी चक्क मराठीत लिहिलं होतं, "हा डिले काढू नका बे, चंद्रपूरच्या साइटवर मीटर हँग झाला होता", तिथे आता गुळगुळीत इंग्रजीत होतं की ठरावीक वेळ थांबते. गिटमधून (कोडच्या जुन्या प्रती जपणारं टूल) सगळं परत आणलं. एआय मी अजूनही वापरतो, पण रिकाम्या जागेवर, आणि वाचल्याशिवाय कमिट नाही.

कॉल ग्राफसाठी (कोणतं फंक्शन कोणाला बोलावते त्याचं चित्र) ग्राफव्हिझ हे वेगळं टूल लागते, ते चालू केल्यावर चाळीस सेकंदांचं काम बारा मिनिटांवर गेलं, म्हणून आता फक्त रात्रीच्या बिल्डला ठेवलंय. ग्राफ दिसतो भारी, नवीन पोराला समजावायला कामाचा, पण फंक्शन पॉइंटरमधून होणारे कॉल त्यात येत नाहीत अन् इंटरप्टचे तर नाहीतच. पोरगा विचारते, सर ह्या फंक्शनला कोणी बोलवतच नाही, उडवू का? टायमरचा इंटरप्ट होता तो, त्याला हार्डवेअरच बोलावते. माझा चहा सांडता सांडता राहिला.

राहिलं पीडीएफ. मराठी कॉमेंट एचटीएमएलमध्ये मस्त दिसतात, पण लाटेकने (छपाईची पानं मांडायचं टूल) पीडीएफ करायला गेलं की पीडीएफलाटेक पहिल्या देवनागरी अक्षराला आडवं होते. त्याऐवजी झीलाटेक लावून वर देवनागरी फॉन्ट द्यावा लागतो, तो अजून नीट बसला नाही, जोडाक्षरं फुटतात. आणि चंद्रपूरवाली कॉमेंट मी काही काढणार नाही. कस्टमरला सध्या एचटीएमएलची झिप पाठवून राहिलो, चार वेळा पाठवली. मागच्या वेळी चुकून रिकामी झिप गेली, तरी थँक्यूचा मेल आला.